वैशाखात भरायची कोठी: नाशिकच्या चौकोनी कुटुंबाची बेगमी

घरात महिन्याला गहू किती लागतात, हे बहुतेकांना नक्की सांगता येत नाही. सिलिंडर किती दिवस जातो ते आठवतं, कारण तो संपला की चूल थांबते. बेगमीला बसायच्या आधी हा आकडा हातात हवा. त्यासाठी पंधरा दिवस एक साधं काम करा: गहू, तांदूळ, डाळ, तेल आणि साखर मोजून एका वेगळ्या डब्यात काढा, त्यातूनच वापरा आणि सोळाव्या दिवशी उरलेलं मोजा. वापर कळला की त्याची दुप्पट म्हणजे महिन्याची गरज.

मोजायला वेळ नसेल तर चार माणसांच्या, दोन्ही वेळ पोळी-भाजी आणि एक वेळ वरण-भात खाणाऱ्या घरासाठी हा अंदाज धरून चाला. महिन्याला गहू 16 ते 18 किलो, तांदूळ 7 ते 8 किलो, सगळ्या डाळी आणि कडधान्यं मिळून 5 किलो (त्यात तूरडाळ निम्मी), तेल 3 लिटर, साखर 3 किलो, गूळ 1 किलो, शेंगदाणे दीड ते दोन किलो, कांदे 6 ते 8 किलो, मीठ 1 किलो. कंपनीत दोन पाळ्या करणारा माणूस घरात असेल तर गव्हात दोन-तीन किलो वाढवा. आठवड्यातून तीन वेळा बाजरीची किंवा नागलीची (नाचणीची) भाकरी होत असेल तर गहू तेवढे कमी करा.

आता टप्पे. पगाराची खात्री नाही, सातपूर-अंबडकडे कंत्राटावर काम आहे किंवा यंदा गारपिटीने बाग गेली आहे, अशा घराने एकदम दोन क्विंटल गहू आणून हातातली रोकड अडकवू नये. आधी पंधरा दिवसांचं, मग महिन्याचं, मग जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांचं. वर्षाची कोठी भरायचा विचार बँकेत तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम असेल तरच करायचा. आणि हप्त्यावर किंवा कार्डावर धान्य घ्यायचं नाही. हंगामात जे चार पैसे वाचतात, ते व्याजात जातात.

कधी काय घ्यायचं, हे पिकावर ठरतं. मूग-उडीद सप्टेंबरमध्ये नवे येतात. बाजरी, भुईमूग आणि सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, इगतपुरीकडचा भात आणि पेठ-सुरगाण्याची नागली, वरई दिवाळीनंतर, तूर जानेवारीपासून, हरभरा होळीच्या आगेमागे, निफाडकडचे गहू मार्च-एप्रिलमध्ये आणि उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत. मिरची-चिंच उन्हाच्या तोंडावर. गूळ थंडीत घ्या, पावसाळ्यात घेतलेला गूळ पाणी सोडत येतो. किराणा दुकानाच्या यादीप्रमाणे सगळं एका दिवसात आणण्यापेक्षा असं महिन्यागणिक एकेक धान्य आणलं तर खिशालाही झेपतं. चार शेजाऱ्यांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून कट्टे घेऊन वाटून घेतले तर भाडंही विभागलं जातं. मात्र वाटणी वजनकाट्यावर करा, अंदाजाने नको, म्हणजे पुढच्या वर्षीही शेजारी सोबत येतील.

गहू वाळवणं हा या सगळ्याचा कणा आहे. बेगमी वाया जाते ती बहुतेक वेळा इथेच. नवे गहू हाताला कोरडे लागतात, पण दाण्याच्या पोटात ओल असते. साठवणीच्या दाण्यात ती 12 टक्क्यांच्या खाली हवी. घरी पाहायच्या दोन रीती आहेत. दाणा दाताखाली धरा: कट्कन फुटला तर वाळला, चपटा होऊन दबला तर नाही. दुसरी रीत अधिक खात्रीची. कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग गहू आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला आहे, तो भरायचा नाही.

आधी गहू चाळून, पाखडून खडे आणि फुटके दाणे काढा. फुटक्या दाण्यात कीड आधी शिरते. मग गच्चीवर जाड कापड किंवा सतरंजी टाकून दोन बोटं जाडीचा थर पसरा. सिमेंटवर थेट पसरू नका. सकाळी नऊ ते दुपारी चार, दर तासाने हात फिरवत, तीन दिवस. संध्याकाळी गोळा करून घरात आणा, रात्री गच्चीवर ठेवलं तर दव धरतं. शेवटच्या दिवशी आणलेले गहू लगेच कोठीत ओतायचे नाहीत. ही चूक फार घरांत होते. गरम दाणा बंद कोठीत गेला की रात्री पत्रा थंड होतो, झाकणाच्या आतून पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो. घरात चादरीवर पसरून रात्रभर निवू द्या, सकाळी भरा.

कोठीचा हिशेब असा: एक क्विंटल गव्हाला साधारण 130 लिटरची जागा लागते, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपात दीड क्विंटल बसतात. कोठी काठोकाठ भरा. वर मोकळी हवा जितकी कमी तितकी किडीची सोय कमी. अर्धी कोठी भरण्यापेक्षा लहान डबे पूर्ण भरलेले बरे, आणि एकाला कीड लागली तर बाकीचे वाचतात. कोठी लाकडी फळीवर किंवा विटांवर, जमिनीपासून चार-पाच इंच वर आणि भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात भिंत घाम सोडते आणि कोठीला टेकलेली ओली भिंत गव्हाचा एक कोपरा नासवते.

आता सोंड्यांबद्दल. ‘झाकण घट्ट होतं, तरी सोंडे आले कुठून?’ हा दरवर्षीचा प्रश्न. ते बहुधा बाहेरून आलेले नसतात. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते. आपण विकत घेतो तेव्हा दाणा साजरा दिसतो. दमट उष्ण हवेत महिन्याभरात आतून सोंडा बाहेर पडतो. म्हणून कोठी भरल्यावर तीन-चार आठवड्यांनी एकदा नक्की उघडून पाहा. वर पिठूळ भुकटी दिसली किंवा हात घातल्यावर गहू कोमट लागले तर त्याच दिवशी बाहेर काढा, चाळा, पुन्हा ऊन द्या. मे महिन्याची ही एक तपासणी चुकली की पुढचे दोन महिने ऊन मिळत नाही आणि एका पिढीच्या तीन होतात.

कडधान्याचा भुंगा मारायला उन्हाचाच एक नेटका उपाय आहे. काळ्या प्लॅस्टिकवर पूर्ण वाळलेले मूग, मटकी किंवा हरभरे बोटभर जाडीने पसरायचे, वरून पारदर्शक प्लॅस्टिक टाकून कडा दगडांनी दाबायच्या आणि भर उन्हात पाच-सहा तास ठेवायचे. आतलं तापमान 55-60 अंशांच्या वर जातं आणि अंड्यासकट भुंगा मरतो. दाणे आधी उघड्यावर नीट वाळलेले असलेच पाहिजेत, नाहीतर आतच वाफ धरते. बियाण्याला हे करू नका, उगवण कमी होऊ शकते. त्यानंतर किलोला एक चहाचा चमचा या प्रमाणात एरंडेल हाताला घेऊन दाण्यांना चोळलं तर नवा भुंगा अंडी घालायला कचरतो. शिजवायच्या आधी कोमट पाण्याने धुतलं की चिकटपणा जातो.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवून घाला. ओला पाला घालणारे स्वतःच कोठीत ओल नेऊन ठेवतात. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत अजून काही घरांत आहे. ती खाण्याची वस्तू नाही, सोडून द्या. आणि धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी आणून दिल्या तरी घरात आणू नका. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. गोदामाची गोष्ट वेगळी, दोन खोल्यांच्या घराची वेगळी.

रवा, मैदा, बेसन फार साठवू नका. महिन्याचं आणलं तरी घट्ट पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड पिठावर पाणी जमतं. बाजरी दाणा म्हणून ठेवा, पीठ म्हणून नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळल्यावर तो हवेला लागतो आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडू होतं. शेंगदाणे शक्यतो शेंगेतच ठेवा. सोललेले दोन महिन्यांपुरतेच घ्या. बुरशी आलेले, काळे पडलेले, कुबट वासाचे दाणे भाजून चालवून घेऊ नयेत, त्यातलं विष भाजून जात नाही.

ज्याला कोठीला जागा नाही आणि वाळवायला गच्ची नाही, त्याने नागली धरावी. दाणा इतका बारीक की सोंड्याला आत घर करायला जागाच नाही. नीट वाळलेली नागली साध्या डब्यात वर्षानुवर्षं टिकते. आदिवासी पाड्यांवर ती कणगीत राहत आली आहे ती याच गुणावर. शहरातल्या माणसाला दहा किलो नागली म्हणजे गहू महागले तर महिनाभराचा आधार आहे, आणि तिची सवय आधीपासून हवी. अडचणीच्या दिवसात पोरांपुढे पहिल्यांदाच भाकरी ठेवली तर ती ताटातच राहते.

कांद्याच्या जिल्ह्यात राहून ऑक्टोबरात चढ्या भावाने कांदा घेणं जिवावर येतं, पण साठवण जमली नाही तर तोच मार्ग उरतो. घरच्या साठ्याला उन्हाळ कांदाच घ्यायचा. लाल कांदा आणि रांगडा टिकत नाहीत. मध्यम आकाराचा, पत्तीला चमक असलेला, मान बारीक आणि पूर्ण सुकलेली. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोड कांदे, जाड मानेचे आणि मार लागलेले बाजूला काढून आठवड्यात संपवा. चार माणसांना मे ते ऑक्टोबर 40 किलो लागतात, पण 50 किलोंची गोणी आणा, कारण चांगल्या कांदाचाळीतही पाच महिन्यांत वजनात आणि सडीत चौथा हिस्सा सहज जातो. आणल्यावर गोणी सोडा. बाल्कनीत पावसाची झड येणार नाही अशा जागी बांबूच्या किंवा जाळीच्या रॅकवर वीतभराच्या आत थर द्या, खालून वारा खेळला पाहिजे. पलंगाखाली, प्लॅस्टिकच्या टबात किंवा बटाट्याशेजारी कांदा ठेवायचा नाही. दर रविवारी थरातून हात फिरवा. एक सडका कांदा आठवड्यात शेजारचे पाच नेतो, नाकाला आधी कळतं.

ज्यांना एवढी जागा नाही त्यांनी मे महिन्यात काप करून वाळवावेत. दहा किलोंचे साधारण सव्वा किलो होतात, दोन मोठ्या बरण्यांत मावतात. पाव इंच जाडीचे काप, जाळीवर, पातळ कापड झाकून, तीन-चार दिवस. दुमडल्यावर मोडले पाहिजेत, वाकले तर अजून एक ऊन. आमटीला आणि रश्श्याला यांच्यासारखं काही नाही, भज्यांना मात्र चालत नाहीत. गवार, मेथी, कैरी आणि वांग्याच्या काचऱ्या याच रीतीने.

वाळवणाबद्दल थोडं रोखठोक. कुरडया, पापड, मालेगावकडचे बिबडे ही हौस आहे आणि ती जरूर करावी. पण अडचणीच्या महिन्यात पोटाला आधार देतात ते सांडगे आणि मुगवड्या, कारण त्या डाळ असतात. एक दिवस हाताशी असेल तर तो मुगवड्यांना द्या. दोन किलो मुगाची डाळ, मिरची, हिंग, जिरं, मीठ, पाणी शक्य तितकं कमी. भाजी महागली त्या आठवड्यात मूठभर वड्यांचा रस्सा चौघांना पुरतो.

इथपर्यंत महागाई आणि रोजगाराची बाजू झाली. अचानक उद्भवणारी अडचण वेगळी असते, ती तीन दिवसांची असते आणि त्यात गहू कोठीत असून उपयोग होत नाही, कारण गिरणी बंद असते. त्यासाठी न शिजवता खाता येईल असा एक डबा वेगळा ठेवा. सातूचं पीठ त्यात पहिलं. एक किलो गव्हांना पाण्याचा हात लावून अर्धा तास ठेवा, कोरडे करून मंद आचेवर खमंग भाजा, त्यात अर्धा किलो डाळं, दोन चमचे सुंठ आणि वेलची घालून बारीक दळून आणा. गूळ आणि पाण्यात कालवलं की जेवण झालं. दूध असेल तर उत्तमच. घट्ट डब्यात दोन महिने राहतं. सोबत भाजके शेंगदाणे, गूळ, खजूर, आपल्याकडचे मनुके, चिवडा, मेतकूट, दूध पावडर आणि तान्हं बाळ असेल तर त्याचं नेहमीचं खाणं. पाच किलो पीठ नेहमी दळलेलं हवं.

पाणी हे धान्याच्या आधीचं. शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांतून पाणी येतं, पण दुरुस्तीला किंवा वीज गेल्यावर एक दिवस नळ बंद आणि दुसऱ्या दिवशी धार बारीक, हे नेहमीचंच. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज 5 लिटर, म्हणजे चौघांना तीन दिवसांचे 60 लिटर. हे 20 लिटरच्या तीन झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा, हंड्यात नको. दर आठवड्याला ते वापरात आणून नवं भरा. सांडायला आणि संडासाला वेगळं पिंप. सोसायटीची जमिनीखालची टाकी हा भरवशाचा साठा समजू नका. वीज गेली की पंप नाही, आणि पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलं की ती टाकी पूर्ण उपसून धुतल्याशिवाय वापरता येत नाही. गढूळ पाणी आलं तर आधी तुरटी फिरवून चार-पाच तास निवळू द्या, वरचं पाणी कापडातून गाळा, मग खळखळून उकळा. क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या घालायच्या तर वेष्टनावरच्या मापाने, गाळलेल्याच पाण्यात, आणि अर्धा तास थांबून प्या. गढूळ पाण्यात क्लोरीन चिखलावरच खर्ची पडतं.

इंधनाला दुसरं सिलिंडर हा सरळ उपाय. ते नसेल तर विजेची शेगडी चालते, पण घरगुती इन्व्हर्टरवर नाही. तिला दीड-दोन हजार वॉट लागतात. डाळ-कडधान्य भिजवून घ्या आणि भाताच्या कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद करून कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून पाऊण तास ठेवा, भात आतल्या वाफेवर होतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच पेटवू नका, थंडीच्या रात्री तर नाहीच. गॅसच्या गळतीला 1906 हा क्रमांक आहे, जिल्हा आपत्ती कक्षाला 1077, रुग्णवाहिकेला 108, बाकी कशालाही 112. हे क्रमांक फ्रीजवर लिहून चिकटवा, कारण मोबाइलची बॅटरी गेल्यावर शेजाऱ्याच्या फोनवरून लावायचे असतात.

गोदाकाठच्यांना नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हाच मोजमापाचा खांब. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की सराफ बाजार, भांडीबाजारातली दुकानं आवरायला घेतात. 2008, 2016 आणि 2019 या तिन्ही वर्षी पाणी बाजारपेठेत शिरलं. जुन्या नाशकात, नासर्डी किंवा वाघाडीच्या काठाला तळमजल्यावर राहत असाल तर कोठी भरायच्या आधीच ती माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर कुणाकडे ठेवायची हे ठरवा. भरलेली क्विंटलची कोठी दोन माणसांना रात्री हलवता येत नाही. म्हणून काठावरच्या घरात एका कोठीऐवजी 15-15 किलोंचे डबे. पुराच्या पाण्याला लागलेलं धान्य, पीठ, कांदा टाकून द्यायचा. धुऊन, वाळवून तो खाण्याजोगा होत नाही, कारण त्या पाण्यात गटार आलेलं असतं. कारखान्यातून सीलबंद आलेला, न फोडलेला पत्र्याचा डबा मात्र साबणाने आणि नंतर ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उघडता येतो.

रेशनकार्ड असेल तर ते चालू आहे का हे सुखाच्या दिवसांत पाहून ठेवा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य 2023 पासून मोफत आहे. चौघांचे 20 किलो म्हणजे घरातल्या धान्याचा मोठा वाटा झाला. घरातल्या प्रत्येकाचं नाव कार्डावर आहे का, आधार जोडून ई-केवायसी झाली आहे का, अंगठा उमटतो का, हे रास्त भाव दुकानात एकदा जाऊन बघायचं. नोकरी गेल्यावर कार्ड नीट करायला धावलं तर महिने जातात.

रोकड घरात आठवडाभराच्या खर्चाची, दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटांत. वीज आणि टॉवर गेले की भाजीवाल्याचा क्यूआर नुसता कागद असतो आणि पाचशेची नोट मोडायला कुणी तयार नसतं. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभर पुढच्या. चालू इन्सुलिनची कुपी वीज गेल्यावर पिशवीत बांधून पाण्याच्या माठाशेजारी किंवा ओल्या मातीच्या भांड्यात ठेवा, बर्फात मात्र नको, गोठलं की ते वाया गेलं. ओआरएसची पाकिटं, बॅटरी, पॉवर बँक आणि कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी याच कपाटात.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून भरल्याचा महिना लिहा आणि जुना डबा पुढे, नवा मागे ठेवा. साठवलेलं तेल 1 लिटरच्या पिशव्यांत घ्या. 15 किलोंचा डबा एकदा फोडला की तळाशी पोचेपर्यंत त्याला खवट वास येतो. फाल्गुनात कोठी रिकामी होत आली की उरलेले गहू वेगळ्या डब्यात काढा, कोठी उलटी करून ठोका, फटीतला भुगा जुन्या ब्रशने काढा आणि दोन दिवस उन्हात पालथी ठेवा. नवे गहू जुन्यांवर ओतायचे नाहीत, तळातले पाच-दहा किलो तेवढे आधी दळून संपवायचे.